चारशेची शर्यत मधल्या दोनशेत असते

प्रिय ताई,

मी सोळा वर्षांची, अकरावीला आहे. सांगलीत राहते. माझा मुख्य इव्हेंट ४०० मीटर फ्रीस्टाइल. नुसत्या १०० चा माझा बेस्ट टाइम १:०५ आहे. जिल्हा स्पर्धेत मी पहिल्यापासून जोरात गेले. २०० पर्यंत सगळ्यांच्या पुढे होते, मग हात इतके जड झाले की पाण्यातून बाहेरच निघेनात. तिसरी आले. मैत्रिणीने दर शंभराचे स्प्लिट, म्हणजे त्या-त्या टप्प्याचे टाइम, घेतले होते : १:०७, १:१६, १:२२, १:२१. एकूण ५:०६. सर म्हणाले, “सुरुवातीला दमानं घे, नेगेटिव्ह स्प्लिट कर,” म्हणजे दुसरी निम्मी शर्यत पहिलीपेक्षा जोरात. विभागीयला तसं केलं : १:१६, १:१८, १:१८, १:१३. एकूण ५:०५. पण पाचवी आले, आणि बाहेर आल्यावर धड दमसुद्धा लागला नव्हता. पप्पा फार चिडले. ते कृष्णेत पोहून मोठे झालेत. त्यांचं एकच, “पयल्यांदा पुढं निघायचं, मागनं कोण येतंय ते बघू की.” सर एक सांगतात, पप्पा एक. आणि खरं सांगायचं तर शेजारच्या लेनमधली पुढे गेली की मला राहवतच नाही. मी नक्की कसं पोहू? २०० ला पण हेच लागू होतं का?

– कृष्णाकाठची

प्रिय कृष्णाकाठची,

स्प्लिट पाठवलेस हे फार बरं केलंस. बहुतेक पत्रांत “शेवटी दम जातो” एवढंच असतं आणि मग मला अंदाजपंचे बोलावं लागतं. तुझ्या आठ आकड्यांत सगळं आलंय.

आधी एक गोष्ट बघ, जी पप्पांच्या रागात आणि तुझ्या हिरमुसण्यात निसटली असावी. ज्या शर्यतीत तू “काहीच केलं नाही” असं तुला वाटतंय, ती एका सेकंदाने जास्त वेगाची होती. नंबर पाचवा आला कारण विभागीयला मुली तगड्या होत्या. नंबर इतरांवर ठरतो, टाइम तुझा असतो. म्हणजे चुकीच्या पद्धतीने रोखून धरलेली शर्यतसुद्धा जीव तोडून पोहलेल्या शर्यतीपेक्षा सरस निघाली. आता दोन्हींत काय बिघडलं ते बघू.

जिल्ह्याला पहिले शंभर १:०७. तुझा १०० चा बेस्ट १:०५. अजून तीनशे मीटर शिल्लक असताना तू नुसत्या शंभराच्या शर्यतीपेक्षा जेमतेम दोन सेकंद सावकाश गेलीस. मनातल्या मनात तू शंभरच पोहलीस आणि टर्न मारल्यावर आठवलं, की अजून तीन बाकी आहेत.

पाणी या बाबतीत फार निष्ठुर असतं. वेग वाढला की पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद साधारण घनाने. तुझ्याच आकड्यांवर मांडते. पहिले शंभर १:१३ मध्ये करण्याऐवजी १:०७ मध्ये केलेस, म्हणजे वेग सुमारे नऊ टक्क्यांनी जास्त. त्यासाठी ताकद लागली जवळजवळ तीस टक्के जास्त. मिळाले सहा सेकंद. पुढच्या तीन शंभरांत १:१६, १:२२ आणि १:२१ लावून ते सहाही गेले आणि वर व्याज गेलं. उलट दिशेनेही हेच गणित चालतं : सावकाश पोहून वाचवलेली ताकद नंतर जोरात पोहून वसूल करायला गेलीस, तर तीही महागच पडते. म्हणून विभागीयला शेवटच्या शंभरात तू एवढी सुटलीस तरी पहिल्या तीनशेत सांडलेलं सगळं भरून निघालं नाही.

विभागीयच्या पहिल्या १:१६ कडे पुन्हा एकदा बघ. ब्लॉकवरून उडी मारली की पहिल्या पन्नासाला दीड-दोन सेकंद आयते मिळतात, ते पोहून कमवावे लागत नाहीत. उडी वजा केलीस तर ते शंभर १:१८ चंच होतं. आणि शेवटचं १:१३ उडीशिवायचं आहे. इतका फरक असणं म्हणजे तीनशे मीटर तू अंगात बरंच काही ठेवून पोहत होतीस. सर चुकीचं सांगत नव्हते. जिल्ह्याला जे झालं ते बघून कुणीही कोच आधी ब्रेकच लावायला सांगेल. पण “दमानं घे” याला आकडा नव्हता, आणि आकडा नसला की सोळा वर्षांचं पोर एक तर सुसाट सुटतं नाही तर फिरायला निघतं.

तुझ्यासाठी आकडा असा. पुढच्या शर्यतीला १:१३, १:१६.५, १:१७, १:१५.५. बेरीज ५:०२. पहिलं शंभर बेस्टपेक्षा सात-आठ सेकंद सावकाश. उडीचा फायदा काढला तर चारही शंभर जवळपास सारखेच दिसतील, फक्त शेवटचं थोडं चढं. बघायला काहीच थरार नाही यात. पण १:१६.५ आणि १:१७ हे मधले दोन नीट बघ. चारशेची शर्यत तिथे असते. पहिल्या शंभरात कुणीही पुढे असू शकतं, शेवटच्या पन्नासात सगळ्यांच्याच अंगात येतं. दुसऱ्या-तिसऱ्या शंभरात मात्र प्रेक्षक ओरडत नाहीत, अंगही अजून पुरतं दुखत नसतं, आणि नेमकं तिथेच लक्ष उडतं. जिल्ह्याला तुझे १:१६ चे १:२२ झाले ते तिथेच.

आता शेजारच्या लेनबद्दल. टोकियो ऑलिंपिकची, म्हणजे २०२१ सालची, महिलांची ४०० मीटर फायनल मिळाली तर आवर्जून बघ. अमेरिकेची केटी लेडेकी गतविजेती, तेव्हाचा विश्वविक्रमही तिच्याच नावावर. निम्मी शर्यत झाली तेव्हा ती अर्ध्या सेकंदाहून जास्त पुढे होती. ऑस्ट्रेलियाची एरियार्न टिटमस घाबरली नाही, एकदम झेपही घेतली नाही. तिसऱ्या शंभरात तिने ते अंतर थोडं थोडं खाल्लं आणि शेवटच्या शंभरात पुढे निघाली. ३:५६.६९ विरुद्ध ३:५७.३६. आणि लेडेकीने काही घाण केली नव्हती, तिचीही ती उत्तम शर्यत होती. हातघाई न करता मधले दोनशे कसे पोहायचे याचा इतका स्वच्छ नमुना मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ४०० ला ट्युनिशियाचा अहमद हफनावी आठव्या लेनमधून सुवर्णपदक घेऊन गेला, ३:४३.३६. आठवी लेन म्हणजे फायनलला आलेल्या आठ जणांत सगळ्यात शेवटचा टाइम. तिथून पलीकडच्या लेनमध्ये कोण काय करतंय ते धड दिसतही नाही. तुला मधली, चौथी लेन मिळाली तरी पहिले दोनशे तू आठव्या लेनमध्ये आहेस असं समज. शेजारची पुढे जाईल. जाऊ दे. तुझ्यासारखीच १:०७ ने निघाली असेल, तर तिसऱ्या शंभरात ती कुठे सापडेल हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

पण मग “शेवटी सगळ्यांना गाठायचं” हेच सूत्र असं समजू नकोस. अमेरिकेचा बॉबी फिंक टोकियोत ८०० आणि १५०० दोन्ही असेच जिंकला. ८०० चं शेवटचं पन्नास त्याने २६.३९ ला मारलं, १५०० चं तर २५.७८ ला. ते व्हिडिओ पाहून जगभरातली पोरं शेवटच्या पन्नासासाठी जीव राखून पोहायला लागली. पण २०२४ ला पॅरिसमध्ये हाच फिंक १५०० मध्ये सुरुवातीपासून पुढे राहिला, आणि १४:३०.६७ चा विश्वविक्रम झाला. टोकियोत त्याला १४:३९.६५ लागले होते. दोन्हीकडे सुवर्णच, पण घड्याळाच्या हिशेबात कुठली शर्यत मोठी ते उघड आहे. शेवटची झेप हे शस्त्र आहे, त्याच्या जिवावर आधीचे तीनशे मीटर स्वस्तात काढू नयेत.

खरी अडचण आकडा माहीत नसण्याची नाहीच. १:१३ हा आकडा तुला ब्लॉकवरही पाठ असेल आणि तरी तू १:०८ ने जाशील. कारण पहिल्या पन्नासात शरीर खोटं बोलतं. स्नायूंत तयार इंधनाचा एक छोटा साठा असतो, साधारण दहा सेकंद जोरात चालेल एवढा. तो वापरताना काही कष्ट पडताहेत असं वाटतच नाही. त्यानंतर जे शरीर तयार करू लागतं त्यात आम्लता वाढते, पण ती जाणवायला वेळ लागतो. तुला ती दीडशेच्या आसपास जाणवते आणि तोवर केलेलं निस्तरता येत नाही. त्यात स्पर्धेआधी सरांनी सराव कमी केलेला असतो, अंग ताजं असतं, छाती धडधडत असते. रोज ज्या जोरात ३८ सेकंद लागतात त्याच जोरात त्या दिवशी ३४ लागतात. म्हणून माझा नियम : शर्यतीत पहिलं पन्नास “हे जरा फारच सोपं चाललंय” असं वाटलं पाहिजे. तसं वाटलं तर बहुधा वेग बरोबर आहे. “मस्त, जोरात चाललंय” असं वाटलं, तर तू आधीच उधारीवर पोहते आहेस.

ही जाण टँकमध्येच येते, वाचून येत नाही. सरांना विचारून आठवड्यातून दोनदा आठ वेळा ५० घे, दर एका मिनिटाला सुटायचं, प्रत्येक ३८.५ ला. ३७ आलं तरी चूक आणि ४० आलं तरी चूक. आणि भिंतीला हात लागला की घड्याळाकडे बघण्याआधी स्वतःचा टाइम मोठ्याने सांगायचा. पहिले काही दिवस दोन-दोन सेकंदांनी फसशील, मैत्रिणी हसतील. अर्ध्या सेकंदाच्या आत येऊ लागलीस की समज, आता तुझ्या अंगातच घड्याळ बसलं. दुसरा सराव तुटक चारशेचा : चार वेळा १००, मध्ये फक्त दहा सेकंद विश्रांती. एकूण वेळातून तीस सेकंद वजा कर. जो आकडा येईल त्याच्या जवळपास तू शर्यतीत पोहू शकतेस, आणि कुठलं शंभर ढासळतंय ते तिथेच उघडं पडतं.

शिवाय हात मोज. पहिल्या पन्नासात किती स्ट्रोक लागले आणि पाचव्या-सहाव्यात किती? समज ४४ चे ५२ होत असतील, तर तू पाणी धरायचं सोडून नुसते हात फिरवते आहेस. दमलेली मुलगी हात आणखी भराभर मारते, तिला वाटतं वेग वाढला, आणि वेग असतो कमी झालेला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला २०० बटरफ्लायच्या फायनलमध्ये मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, त्याला भिंत दिसेना. तो हात मोजत पोहला आणि १:५२.०३ चा विश्वविक्रम करून बाहेर आला. मोजायची सवय नसती तर तो त्या भिंतीवर आपटला असता.

तुझ्या पत्रात श्वासाबद्दल काही नाही, पण माझी शंका आहे की पहिल्या पन्नासात तू श्वास रोखून धरतेस. जवळपास सगळेच धरतात, रुबाब म्हणून. चारशेत पहिल्या लांबीपासून दर दुसऱ्या हाताला श्वास घे. सुरुवातीला नाकारलेली हवा नंतर परत मिळत नाही. पायांचंही तसंच. मांडीचे स्नायू मोठे, ते हवा ढोसतात. अडीचशेपर्यंत किक हलकी, शरीर सपाट ठेवण्यापुरती. तीनशेच्या टर्नला पाय जागे कर, आणि शेवटच्या पन्नासात काही राखू नकोस.

आणि टर्न. पन्नासच्या टँकमध्ये चारशेत सात टर्न, पंचविसात पंधरा. तुझ्या जिल्हा शर्यतीचा व्हिडिओ असेल तर चौथा-पाचवा टर्न बघ. मी पैज लावते, भिंतीवरून सुटल्यावर पाण्याखाली दोन्ही पाय जोडून दोन-तीन डॉल्फिन किक मारणारी तू तिथे लगेच डोकं वर काढून श्वास घेते आहेस. प्रत्येक टर्नला अर्धा सेकंद धरला तरी तुझे ५:०५ चे ५:०२ तिथेच होतात, एक हातही जोरात न मारता. वेग राखणं म्हणजे फक्त हात किती भरभर ते नव्हे, दमल्यावरही भिंतीवरून पूर्ण ताणून निघणं हेही त्यातच येतं. हे कंटाळवाणं आहे म्हणून कुणी करत नाही.

वॉर्मअपचं एवढंच, की जिल्हा-विभागाच्या स्पर्धेत टँक सकाळी वॉर्मअपला उघडतात आणि तुझा इव्हेंट येतो अकरा वाजता. मधल्या वेळात खुर्चीवर टॉवेल गुंडाळून बसलीस तर सकाळचा वॉर्मअप वाया गेला. इव्हेंटच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी दोरीच्या उड्या, हात फिरवणं, थोडं जागच्या जागी पळणं, हलका घाम येईपर्यंत. थंड शरीर पहिल्या शंभरातच आम्लता साठवायला लागतं, मग वेगाचा कितीही छान हिशेब केलेला असो.

आता पप्पा. त्यांना मोडीत काढू नकोस. नदीत पोहलेल्या माणसाचं अंग पाण्यात जसं सहज असतं, तसं टँकवर शिकलेल्यांचं क्वचितच असतं, आणि तुझ्यात ते थोडंफार उतरलंच असणार. पण नदीला धार असते. धार कुठे आहे हे ओळखून जो आधी तिच्यात शिरला, त्याला ती पुढे नेते, म्हणून तिथे “आधी पुढं निघ” याला अर्थ आहे. टँकमधलं पाणी कुणाला कुठे नेत नाही, प्रत्येक मीटर स्वतःच ओढावा लागतो. हे त्यांना वाद घालून पटणार नाही. त्यांच्या हातात स्टॉपवॉच दे. “पप्पा, दर पन्नासाला माझे पाय भिंतीला लागले की बटण दाबा आणि आकडा लिहून ठेवा” म्हणावं. पाय लागतानाचाच टाइम दर वेळी घ्यायचा, फक्त शेवटचा हाताचा, नाही तर आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. काम हाती असलं की माणूस ओरडायचा थांबतो, हा एक फायदा. दुसरा असा की दोन-तीन शर्यतींचे आकडे स्वतःच्या हाताने लिहिले, की तेच तुला म्हणतील, “पयल्या शंभराला जरा दमानं घे गं.”

पण सरांकडे त्याच्या आधी जा. माझं उत्तर दाखवायचं नाही, तुझे आठ स्प्लिट दाखवायचे. “सर, विभागीयला मी जरा जास्तच थांबले, पहिल्या शंभराला किती टाइम धरू?” असा प्रश्न विचार. ते तुला रोज पाण्यात बघतात, मी नाही. ते १:१४ म्हणाले तर १:१४ धर. एक सेकंद इकडे तिकडे झाला तर बिघडत नाही. एका मुलीला दोन वेगळे आकडे सांगणारी दोन माणसं असली, की तिथून खरं बिघडतं.

राहिलं २००. ते जास्त अवघड आहे, हे आधीच सांगते. १०० ला फारसा हिशेब नसतोच. पॅरिसला चीनचा पान झानले ४६.४० च्या विश्वविक्रमात पहिलं पन्नास २२.२८ ला गेला आणि दुसरं २४.१२ ला, आणि मधल्या फरकाचा मोठा भाग उडीचाच आहे. ४०० ला हिशेबच सगळं. २०० मध्ये दोन्ही लागतं : पहिलं पन्नास मोकळं पण न झोंबता, आणि तिसऱ्या पन्नासात, जिथे सगळे सैल पडतात, तिथे मुद्दाम जोर. तुझ्या २०० च्या बेस्टचे पन्नास-पन्नासाचे चार स्प्लिट काढ. तिसरं दुसऱ्यापेक्षा दीड सेकंदाहून जास्त सावकाश असेल, तर तिथेही तुझं पहिलं पन्नास महागच पडतंय. आधी ४०० बसव. २०० साठी वेगळं पत्र लिही, आणि त्यात पप्पांनी लिहिलेले आकडे पाठव.

– ताई